नाजूक बोटं

निपाणीच्या दवाखान्यात वासंतीबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“मनगट एवढं सुजलंय कशानं गं, बेबी?”

“टायपिंगनं, आक्का. ते जुनं मशीन लई जड. एकेक अक्षर म्हंजे खिळा ठोकायचा.”

“नवं आलंय म्हनालतीस की.”

“आलंय. साहेबांच्या खोलीत हाय.”

“त्येला टायपिंग येतं व्हय?”

“कुठलं! पाव्हणा आला की कापड काढून दावतो.”

“अगाई! शोभंला ठेवलंय! मागायचं न्हाईस?”

“मागितलं. म्हनाला, बायकांची बोटंच नाजूक, मशीनला नावं ठेवू नका.”

“नाजूक म्हनं! तुझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, म्हणून तू खुर्चीत बसलीस. त्येला म्हणावं, त्या जुन्या मशीनवर एक पान तरी बडवून दाव.”

“आता बढतीसाठी अर्ज करतोय. टाइप करून उद्या सकाळी पायजे म्हणाला.”

“मग?”

“डॉक्टरांकडनं पंधरा दिवसांच्या रजेची चिठ्ठी घेतल्याबिगर उठत न्हाय मी.”

“पंधराच? म्हैन्याची माग!”

तेवढ्यात कंपाउंडरनं वासंतीबाईंचं नाव पुकारलं. त्या मागं वळल्या.

“आधी तुम्ही जा,” त्या बेबीला म्हणाल्या. “डॉक्टर जेवायला निघायच्या आत.”