हजेरीचा कागद

—नाही नाही, सोफ्यावरच बसा काका, मळला तर मळला. तुमचं लेथ मशीन इथंच होतं ना? हो, आता आमचं फ्लॅटविक्रीचं ऑफिस, शेजारी कॉफीचं दुकान. वर ऑफिसं, मागच्या शेडमध्ये फ्लॅट. कारखान्याचं धुराडं तेवढं ठेवलंय, लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. आणि तुमचे ते बारा गाळे— कामगारांनी आपापलं मशीन टाकून धंदा करावा म्हणून देणार होते ते— ते नाहीत आता. सगळ्यांनी हक्क सोडला म्हणे. म्हणे काय, सह्या आहेत. तुमचीही आहे.

असं बघू नका. मीटिंगला हजेरीची सही केलीत ना, तोच कागद. मीच फिरवला— वर चार बोटं जागा सोडा, असं आमच्या बिल्डरसाहेबांनी बजावलेलं. बाबांनी विचारलंसुद्धा, वर कोरं का गं? मी काय म्हटलं आठवतंय? सगळ्यांदेखत म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही बाबा, करा मुकाट्यानं. आणि तुम्ही हसलात. शिकलेली पोर बापाला गप्प करते, कौतुकच वाटलं तुम्हाला. तुम्हा मोठ्या माणसांचं हेच— कुणी उलटून विचारेल तर शपथ. अजून राग येतो मला. एकानं परत विचारलं असतं तर मी सांगितलं असतं— नसतं सांगितलं. जाऊ दे.

काय आणलंय? सोमवारच्या सुनावणीसाठी? बघू. 'सदर कागद हजेरीचा होता'— आणि खाली साक्षीदार मी. अक्षर बाबांचं आहे. त्यांनीच पाठवलं ना? म्हणाले असतील, माझ्या पोरीलाही फसवलं त्यांनी, ती देईल सही. गावभर तेच सांगतात. मी दमून येते म्हणून ताट वाढून ठेवतात. फसवलं नाही हो काका. मला माहीत होतं. त्या कोऱ्या जागेत काय छापायचं ते आदल्या दिवशी मीच टाईप केलं होतं.

हे बाबांना सांगू नका. म्हणजे— सांगा हवं तर. नको, नका सांगू.

आहे, पेन आहे माझ्याकडे, पेनाचा प्रश्न नाही. ही नोकरी गेली तर— थांबा, गिऱ्हाईक आलं. तो कागद आत ठेवा. आधी ठेवा म्हणते ना. या सर, या मॅडम— हे? हे कुणी नाही, पत्ता विचारायला आलेत. आजोबा, मागच्या दारानं जा.