लेंड्यांचा फोटो

अगं, जीलिन शहरातून गावाकडे परतणाऱ्या बसमध्ये आपल्या शिन्यूच्या पुढच्याच सीटवर दोन बायका! एकीनं नातवाचा फोटो दाखवला, तर हरणं पाळणाऱ्या छू वहिनींनी थेट लेंड्यांचा!

"ई! काय हे, वहिनी?"

"पाडसांच्या लेंड्या. बघ कशा गोल, काळ्या, चकचकीत!"

"फोटो काढण्यासारखं काय त्यात?"

"दूध तुटलं की दरवर्षी हगवणीनं पाडसं दगावतात माझी. यंदा सुनेनं खाद्यात यीस्ट कालवलं. म्हणे पोटातले चांगले जंतू वाढतात, ओकची पानं नीट पचतात."

"आणि तुम्ही कालवू दिलंत?"

"कुठलं! म्हटलं, जंतू मारायचे सोडून पोसतेस काय? तर म्हणाली, 'आई, निम्मी पाडसं माझी, निम्मी तुमची. बघूच!'"

"मग?"

"तिचं एकही आजारी पडलं नाही. माझी पडली, ती तिनंच सावरली."

"मग शाबास तरी म्हणालात?"

"तोंडावर? डोक्यावर बसेल! म्हटलं, माझी कंबर गेली, आता सगळ्या कळपाचं खाद्य तूच कालव."

"अगंबाई, कंबर दुखते तुमची?"

"माझं गाव आलं, सरक!"

आणि छू वहिनी यीस्टचं पोतं खांद्यावर मारून टुणकन उतरल्या.