बाजूच्या दाराचा आवाज

नाव: शशिकांत विष्णू खापरे. वय: एकसष्ट वर्षे. धंदा: मोटारींचे सुटे भाग बनवण्याचे स्वतःचे वर्कशॉप. राहणार: नोव्हाय, मिशिगन. मूळ गाव: नागपूर. जबाबाचे ठिकाण: शेरीफचे ठाणे, वायोमिंग. समोर: डेप्युटी कार्व्हर. दुभाषी: श्रीमती वैदेही पाठक, पिस्कॅटवे, न्यू जर्सी, फोनवरून.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मला इंग्रजी धंद्यापुरतं चांगलं येतं. तरी हा जबाब मी माझ्या मर्जीने मराठीत देत आहे. इंग्रजीत मी गिऱ्हाइकाशी बोलतो, आणि गिऱ्हाइकाला माणूस सगळंच सांगत नाही.

जखमी गिरीश देवतळे हा माझ्या बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. वय अडतीस, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, राहणार नेपरव्हिल. सुचित्रा ही त्याची बायको. ती तिथे पुण्यात शिकवायची; इथे तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर आहे, त्यामुळे तिला नोकरी करायची परवानगी नाही. मार्चपासून ती वेगळं व्हायचं म्हणत होती. हे आम्हाला माहीत होतं.

ही सहल माझी बायको शोभना हिने ठरवली. सॅन फ्रान्सिस्कोला मोटरहोम भाड्याने घ्यायचं, आधी समुद्रकिनारा, मग नेवाडाचं वाळवंट, मग वायोमिंगमध्ये गवे, एल्क आणि जमलं तर अस्वल. गाडी आपणच चालवायची. चौघं एका गाडीत दोन आठवडे राहिले की नवरा-बायकोचं जुळेल, असं तिचं मत. "कुकरमध्ये घातली की डाळ शिजतेच," असं ती म्हणाली. मी म्हणालो, शिटी उडाली तर? ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा. मी गप्प बसलो.

गाडीची रचना विचारल्यावरून सांगतो. पुढे चालक आणि शेजारची सीट, दोन्हीकडे स्वतंत्र दारं. मागे राहायची जागा. मध्ये जाड पडदा. राहायच्या जागेला बाजूने एकच दार, आणि त्याला आतून वेगळी कडी. ती कडी घासायची. लावली की आधी कर्र, मग खट्. मी लेथवर बत्तीस वर्षं काढलीत. मशीन बिघडायच्या आधी ते काय बोलतं, हे मला पलीकडच्या खोलीतून कळतं. त्यामुळे तो आवाज पहिल्याच दिवशी माझ्या कानात बसला.

मॉन्टरेच्या किनाऱ्यावर आम्ही सील बघत उभे होतो. सुचित्रा हसली. कोणाच्या तरी कुत्र्याकडे बघून हसली असेल. गिरीशने तिचा हात हातात घेतला. लांबून कोणालाही वाटलं असतं की जोडा चांगला आहे. मी त्यांच्या मागे होतो. मला बोटाचा आवाज आला. ओली काटकी मोडल्यासारखा. ती ओरडली नाही. संध्याकाळी तिने दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधली होती. शोभनाने विचारलं तर म्हणाली, "मामी, दारात सापडलं."

नेवाडात दुपारी गिरीश गाडी चालवत होता, ती शेजारी होती. शोभना आणि मी मागे आडवे झालो होतो. मी झोपलो आहे असं त्याला वाटलं, कारण मी घोरत होतो. मला घोरता घोरता ऐकू येतं, ही सवय हॉस्टेलपासूनची. पडद्यापलीकडे तो अगदी हळू बोलत होता.

"माझ्यावर आहेस तू इथे. कागदावरसुद्धा. कळतंय?"

"कळतंय."

"मग उतर."

गाडी थांबली. पुढचं दार उघडलं आणि लागलं. गाडी सुटली. खिडकीतून पाहिलं तर ती रस्त्याच्या कडेला उभी होती, पायांत चपला, डोक्यावर काही नाही, आणि चहूकडे मीठ सांडल्यासारखी पांढरी जमीन. मी पडद्यातून डोकं काढून म्हणालो, "गिऱ्या, संडासाची टाकी तुंबली रे, मागे सगळं वर येतंय, थांबव लवकर." तो शिव्या घालत थांबला. टाकीला काही झालेलं नव्हतं. मी उतरून चालत गेलो आणि तिला घेऊन आलो. येताना ती म्हणाली, "मामा, तुम्ही झोपला होतात ना?" मी म्हणालो, हो.

घटनेचा दिवस. गिरीशच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मेहुण्यांची, पितृपक्षातली तिथी त्या दिवशी होती. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाक करून पहिलं पान घराबाहेर ठेवतात. कावळ्याने त्याला चोच लावली की गेलेला माणूस जेवला असं मानतात, आणि मगच घरचे जेवतात. कावळा आला नाही, तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजतात. मग जिवंत माणसं एकेक कबुली देऊन बघतात. ज्या कबुलीला कावळा उतरला, ती इच्छा. हे मी डेप्युटींना दोनदा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

कॅम्पच्या राखणदार बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं की हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे, अन्नाचा कण बाहेर ठेवायचा नाही. गाडीत ठेवा नाहीतर लोखंडी पेटीत ठेवा. मी गिरीशला त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "बाबांनी काय पेटीत बसून जेवायचं?" शोभनासुद्धा म्हणाली, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. ही चूक आमच्या सगळ्यांची. मी त्या बाईंकडून घेतलेला अस्वलाला पळवून लावायच्या तिखट फवाऱ्याचा डबा पुढच्या सीटखाली ठेवला.

स्वयंपाक सुचित्राने एका हाताने केला. उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी. माझ्या मेहुण्यांना वडे कसे लागत, हे माझी बहीण तिला फोनवर सांगत होती. माझ्या बहिणीला ते पक्कं माहीत आहे. जमले नाहीत तर ताट भिंतीवर जायचं.

पान गाडीपासून वीसेक पावलांवर एका सपाट दगडावर ठेवलं. एक मोठा डोमकावळा पाइनच्या झाडावर बसला होता. उतरला नाही. गिरीश हात जोडून बोलत राहिला. बाबा, आईला इकडे आणीन. बाबा, घराचं कर्ज फेडीन. बाबा, सिगरेट सोडतो. कावळा मान वाकडी करून बघत होता. माझे मेहुणे कशासाठी अडून बसतील याची मला कल्पना होती.

मग गिरीश म्हणाला, "सुचित्रा, इकडे ये. तू बोल. म्हण, नांदेन, घर मोडणार नाही."

"मी नाही म्हणणार."

"बाबा उपाशी आहेत."

"मीही उपाशी आहे. मामा-मामीसुद्धा आहेत."

शोभना म्हणाली, "अगं, म्हण ना बाई. म्हणायला काय जातं? कावळ्याला काय कळतंय!"

सुचित्रा म्हणाली, "मामी, कावळ्याला नाही कळणार. पण ह्याने ऐकलं की हा ते धरून ठेवेल."

गिरीशने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला ओढत दगडापर्यंत नेलं. तिचं तोंड पानाशी दाबलं. खीर तिच्या नाकातोंडात गेली. "म्हण. म्हण." ती म्हणाली नाही. त्याने वाढायला आणलेली पळी उचलली. लोखंडी, तळणाची, अजून गरम. पहिला फटका कानामागे बसला, दुसरा भुवईवर. भुवई फुटली. मी मध्ये पडलो. त्याने मला छातीवर ढकललं, मी गुडघ्यावर पडलो. म्हणाला, "मामा, तुम्ही पाहुणे आहात, पाहुण्यासारखे राहा." मोटरहोमचे निम्मे पैसे माझे होते, पण ती बोलायची वेळ नव्हती.

एवढ्यात सुचित्रा सुटली आणि बाजूच्या दाराने गाडीत गेली. शोभनाने मला उठवून पुढच्या सीटवर बसवलं आणि ती चालकाच्या जागी बसून माझ्या गुडघ्याला बर्फ लावू लागली. पडदा ओढलेला होता. पडद्यामागे सुचित्राचा श्वास ऐकू येत होता. रक्त जमिनीवर टपकत होतं, तेही ऐकू येत होतं. गिरीश बाहेरच होता. तो दगडाशी आणलेल्या भांड्यांतून नवं पान वाढून परत ठेवत होता.

कावळा उडाला. मला वाटलं उतरला. तो उलट दिशेला गेला.

अस्वल रानबेरीच्या झुडपांतून आलं. खांद्यावर उंचवटा असलेलं. त्याला घाई नव्हती. ते दगडाशी आलं आणि जेवायला लागलं. गिरीश तोवर चारपाच हात मागे सरकला होता. तसाच सरकत आला असता तर आज हा जबाब लागला नसता. पण त्याने पळी उचलली आणि गल्लीतलं कुत्रं हाकलावं तसा तो पुढे धावला. "हाट! हाट! बाबांचं पान आहे ते! हाट!" आणि त्याने पळी अस्वलाच्या तोंडावर मारली.

अस्वलाने एक पंजा मारला. गिरीशच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागे लोंबली. तो उठला आणि गाडीकडे धावला. बाजूच्या दाराशी पोचला. त्याने मूठ ओढली. दोनदा, तीनदा. "सुचि, दार उघड. सुचि!" मग अस्वल पोचलं. गाडी हलली. पुढचं मी ऐकलं. हाड मोडल्याचा आवाज बोटाचा वेगळा असतो आणि दंडाचा वेगळा.

मी सीटखालून फवारा काढला, माझ्या दाराने उतरलो, गाडीच्या पुढून वळसा घेतला. अस्वलाने त्याचा उजवा हात कोपरावर धरला होता आणि ते त्याला हिसडे देत होतं. मी जवळ जाऊन फवारा त्याच्या तोंडावर रिकामा केला. थोडा माझ्याही डोळ्यांत गेला. अस्वलाने हात सोडला आणि ते झुडपांत गेलं. जाताना दगडाकडे वळून एक वडा घेऊन गेलं, असं शोभना सांगते. मी पाहिलं नाही.

मग बाजूचं दार उघडलं. सुचित्रा ओढणी घेऊन उतरली. बांधलेल्या बोटांनी तिने गिरीशचा दंड वर आवळून धरला आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत सोडला नाही. तिच्या भुवईचं रक्त त्याच्या तोंडावर पडत होतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तिने धरलं नसतं तर तो वाटेतच गेला असता. हात कोपरापासून काढावा लागला.

माझ्या बहिणीला नागपुरात फोन मी केला. तिने आधी गिरीशचा हात विचारला. मग तिने सुचित्राचं डोकं विचारलं. "पळीनेच ना, दादा?" म्हणाली. मी हो म्हणालो. मग फोन तिनेच ठेवला.

डेप्युटींनी मला सांगितलं की, शुद्धीवर आल्यावर गिरीशने असा आरोप केला आहे: तो दारापासून हातभर लांब असताना सुचित्राने आतून कडी लावली, तो आवाज त्याने स्वतः ऐकला. आरोप खरा ठरला तर तिच्यावर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा खटला होऊ शकतो, हेही सांगितलं. गाडीत तिच्याशिवाय शोभना आणि मी होतो. शोभनाला भीतीने काही आठवत नाही.

सुचित्राला कडी लावताना पाहिलं का, असं विचारल्यावरून सांगतो की, नाही. पडदा होता.

मग दार का उघडलं नाही, असं विचारल्यावरून सांगतो की, भाड्याची गाडी आहे. तीन हिसड्यांत कुठलंही दार अडकतं.

कडीचा आवाज ऐकला का, असं विचारल्यावरून सांगतो की, ऐकल्याचं आठवत नाही.

डेप्युटी म्हणाले, "मिस्टर खापरे, तुम्ही झोपेत पडद्याआडचं कुजबुजणं ऐकता, जमिनीवर पडणारं रक्त ऐकता, आणि पाठीमागची कडी ऐकली नाहीत?" दुभाषी बाईंनी हे मराठीत सांगताना आवाज खाली घेतला. मी म्हणालो, साहेब, ऐकायला आवाज व्हावा लागतो.

हा जबाब श्रीमती पाठक यांनी मला फोनवर सावकाश वाचून दाखवला. "ऐकल्याचं आठवत नाही" या वाक्यापाशी मी त्यांना थांबवलं. ते खोडून तिथे "कडीचा आवाज झाला नाही" असं लिहून घेतलं, आणि खाडाखोडीशेजारी सही केली. बाकी सगळा जबाब मी सांगितला तसा आणि खरा आहे.