जावयाला फोटोतून काढताना

हॅलो?… हो, फोटो स्टुडिओच… अगं मावशी, तू! माझ्या मोबाइलवर करायचास ना… पर्समध्ये असेल गं, ऐकू नाही आला… बोल, बोल. समोर पासपोर्ट फोटोवाले साहेब बसलेत, पण कान तुझ्याकडेच आहेत. साहेब, हनुवटी जरा खाली… अजून… बास.

हं… हॉलमधली मोठी फ्रेम? हो, आली ना. काल काकाच देऊन गेले… नाही, काही बोलले नाहीत. म्हणजे फ्रेमबद्दल नाही. "काम मावशी सांगेल" म्हणाले आणि तासभर भूतकाळावर बोलले… आज संध्याकाळीच ना व्याख्यान, वाचनालयात? 'भूतकाळात जाता येईल का?'… हो ना, काका रिटायर झाले, तर्कशास्त्र काही होत नाही.

बरं, फ्रेमचं काय करायचंय? काच बदलू?… काढायचं? कोणाला?… जावयाला?!

अगं, ऐक ना… मावशी, ऐक… येतं, काढता येतं. परवाच एका बाईंच्या फोटोतून नणंद काढून तिथे कुंडी ठेवली. काय खूश झाल्या! पण एकदम कशाला?… रविवारी? कोण येणार?… ताईसाठी?… आणि ताईला पसंत आहे?… हसली? अय्या, मग छानच की! करतात काय?… जनावरांचे डॉक्टर. उत्तम. शांत असतात.

पण त्यांना माहितीये ना, ताईचा घटस्फोट झालाय?… गुंड्याचंही माहितीये? मग मावशी, जावयाचं पण माहीत असणारच ना! गुंड्या काय कुरियरनं आला?… नाही, हसत नाहीये… बरं, हसले. सॉरी. थांब, कॉम्प्युटरवर घेते. कालच स्कॅन करून ठेवलाय.

हं, हा बघ. बागेतला. तू, काका, ताई, मधोमध जावई आणि त्याच्या खांद्यावर गुंड्या. केवढुसा आहे गं! दातसुद्धा पुरते आलेले नाहीत… हो, करते, करते. हा गेला जावई.

… मावशी, गुंड्या हवेत आहे.

अगं, हवेत म्हणजे हवेत! तुमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर, खुदुखुदु हसतोय. आणि त्याच्या घोट्यांना दोन पंजे धरून राहिलेत. नुसते पंजे! डॉक्टर चहा न घेता पळतील… काकांच्या खांद्यावर बसवू? मावशी, काकांचा कमरेचा पट्टा शर्टाखालून दिसतोय फोटोत… शिडी? तान्हं पोर एकटं शिडीवर, आणि आजी शेजारी उभी राहून दात काढतेय? नव्या माणसांना काय वाटेल!

मागे कोण ओरडतंय?… काका? "हेच ते, हेच ते" काय?… दे बाई त्यांना, नाहीतर दोघं एकदम बोलाल.

हॅलो, काका… हो… हो… एक माणूस भूतकाळात जातो, आपल्याच आजोबांना मारतो, मग बाप जन्मत नाही, मग हाही जन्मत नाही, मग मारायला गेलं कोण… कळलं, काका. कालच कळलं. पण दर वेळी आजोबांनाच का मारता हो? तुम्हीही आता आजोबाच आहात, जरा जपून… हं… दुसरा पक्ष? तो काय?… जाता येईल, पण बदलता काहीच येणार नाही? म्हणजे मावशी समजा मागे गेली, तरी तेव्हा जे बोलली तेच बोलेल?… कारण ती तेच बोलली होती. वा! मग एवढा प्रवास करायचा कशाला, काका?… बरं. द्या मावशीला.

साहेब, तुम्ही हसू नका. पासपोर्टला हसलेलं चालत नाही.

मावशी?… आहेस ना?… अगं, रडतेस काय! काकांचं काय मनाला लावून घेतेस, ते तर… काय बोलली होतीस? कधी?… लग्नाच्या आधी?… ताई आली होती तुझ्याकडे… स्वयंपाकघरात… "आई, मला हा मुलगा नको वाटतोय"… आणि तू?

… "हॉल ठरलाय, आता लोकांना काय सांगू"… हं.

हं… नाही गं, मला माहीत नव्हतं. ताई कधी बोलली नाही… म्हणजे डॉक्टरांसाठी नाहीच हे. सोफ्यावर बसलं की समोर तो दिसतो, आणि तुला ते स्वयंपाकघर आठवतं… नाही, राग कसला? वाईट वाटतंय. ताईसाठी वाटतंय आणि तुझ्यासाठी पण. डोळे पूस आधी… काकांना म्हणावं, तर्क बरोबर असेल तुमचा, पण आत्ता गप्प बसा.

आता ऐक माझं. ऐक ना! समज, नेलं तुला मागे. त्याच स्वयंपाकघरात. आणि काका म्हणतात तसं नाही हं, तुला हवं ते बोलता येतंय. ताई म्हणाली, नको हा मुलगा. काय म्हणशील?… "नको तर नको." बघ, लगेच म्हणालीस! मग लग्न नाही. रोजची भांडणं नाहीत, कोर्ट नाही, काही नाही. ताई मोकळी.

आणि गुंड्या?

… मावशी?

… झालं असतं गं दुसरं मूल. पण तुझा चष्मा फ्रिजमध्ये ठेवणारा हा नाही. कानाशी येऊन "आज्जी" म्हणून किंचाळणारा हा नाही… हं. आता म्हण बघू ताईला, "नको तर नको"… म्हण ना… नाही म्हणवत?

… बघ. काकांना सांग, आज व्याख्यानात हे घाला. भूतकाळात जाता येतं, पण आजी स्वयंपाकघराच्या दारातूनच परत येते… लिहून घेतायत? घेऊ देत.

आणि ताईला मात्र एकदा सांग तू. फोटो-बिटो राहू दे, तोंडानं सांग… हो, आजच. मागे जाऊन नाही बोलता येत, तर इथे बोल… हं… शहाणी माझी मावशी ती.

मग फ्रेमचं काय?… राहू दे तशीच? नक्की?… थांब हं, आणते जावयाला परत… हा आला. गुंड्या टेकला बघ खांद्यावर. पंज्यांनाही हात मिळाले.

साहेब, झालं, उठा आता… काय? जरा तरुण करू? नाही हो, पासपोर्टला आजचाच चेहरा लागतो.

हं, मावशी… अजून काय?… जावई राहू दे, पण?… टक्कल?… त्याला टक्कल पाडू? मावशी, तू पण ना!… थोडंसंच, पुढून? बरं, बघते… नाही जमत… अगं, सगळं जमतं मला, एवढंच नाही जमणार… कारण गुंड्यानं दोन्ही मुठींत त्याचेच केस धरलेत! ते काढले तर पोर धरणार कशाला?

… हॅलो?… हसतेयस की रडतेयस?… मावशी, एक काहीतरी कर ना!… हॅलो?… हॅलो?