न विचारता छापलेली जाहिरात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते सुमनमावशींचे, आईवडिलांनंतर त्यांचेच. पण सुमन हे त्यांचं खरं नाव नाही, खरं नाव आणि आडनाव मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते सांगू का असं मी त्यांना विचारलेलं नाही. हसू नका. न विचारता माणसाचं नाव छापलं की काय होतं ते मला आता कळलंय, तेच सांगायला बसलोय.

मी नांदगावचा. वडिलांचं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान, दुकान म्हणजे काय, एक पत्र्याची पेटी, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. आई दुसऱ्यांच्या मळ्यात निंदायला जायची. घरात सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी बारावी पास झालो तेव्हा वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरगं नाशिकला कॉलेजात जाणार हाय, आणि सांगता सांगता हातातली ट्यूब तशीच पाण्यात धरून ठेवायचे, बुडबुडे निघून जायचे आणि भोक परत शोधायला लागायचं.

नाशिकला बी.कॉम.ला आलो, हॉस्टेल मिळालं नाही, चौघांत एक खोली घेतली आणि जेवायला कुणीतरी मावशींचं घर दाखवलं. त्यांचे यजमान कंपनीत होते, ते वारल्यावर त्यांनी खानावळ सुरू केली, खानावळ म्हणजे पुढच्या खोलीत सतरंजी टाकून आम्ही आठ-दहा मुलं जेवायचो, आणि शिवाय डबे जायचे, लांबच्या बिल्डिंगांमध्ये, ते रिक्षावाले शंकरभाऊ पोचवायचे. समोरच्या भिंतीवर भगवान बुद्धांची मोठी तसबीर, शेजारी पंचशील ध्वज, त्याच्याखाली बसून मी तीन वर्षं जेवलो. पहिल्याच महिन्यात वडिलांनी फोनवर विचारलं, जेवायचं कुठं करतो, कोण लोक हायेत? मी म्हटलं, बौद्ध आहेत. वडिलांनी आधी समोरच्या गिऱ्हाइकाची हवा भरून दिली. मग म्हणाले, पोटभर देती ना, मग झालं, पण तुझ्या आईला सांगू नको. मीही सांगितलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय तुम्हाला, कारण पुढं मी म्हणेन की मला सुचलं नाही, तेव्हा तुमच्या मनात येईल की याला माहीत नव्हतं का. माहीत होतं. घरातूनच माहीत होतं.

दुसऱ्या वर्षाला मी अकाउंटन्सीत नापास झालो. ठरवलं, आता बास, गावी जाऊन वडिलांबरोबर बसावं. पिशवी भरली आणि मावशींना सांगायला गेलो. त्या चपात्या लाटत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही, म्हणाल्या, परीक्षेचा फॉर्म भरलास? नाही म्हटलं. म्हणाल्या, मग फॉर्मची पावती आण, मग ताट. मला वाटलं गंमत करतात, पण ताट खरंच मांडलं नाही. सगळी मुलं जेवतायत आणि मी भिंतीला टेकून बसलोय, वर एक जण म्हणतो, मावशी, याची आमटी मी घेऊ का? घे म्हणाल्या! दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर बसनं कॉलेजात आल्या, दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, तुम्ही मुलाच्या कोण? तर म्हणाल्या, याला जेवायला घालते मी. आमच्या घरातला पहिला पदवीधर झाला तो असा.

नोकरी लागली ती एका पुस्तकाची. आमच्या साहेबांचा छापखाना आहे, त्यांनी आपल्या भागातल्या धंदेवाल्यांची यादी काढायचं ठरवलं, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पिठाची गिरणी, क्लास, सगळ्यांचे पत्ते आणि फोन एका पुस्तकात, पुस्तक घरोघर फुकट, आणि मधल्या जागा जाहिरातींना विकायच्या. त्या विकणारा मी. पहिलं पुस्तक विकणं म्हणजे काय सांगू तुम्हाला, हातात दाखवायला काहीच नसतं, कोरी पानं उघडून म्हणायचं, काका, इथं तुम्ही असाल. लोक म्हणायचे, सगळं फोनवर मिळतं, तुझं पुस्तक कोण उघडणार? एक गिरणीवाले काका रोज बसवून चहा पाजायचे पण जाहिरात द्यायचे नाहीत, शेवटी म्हणाले, देतो, पण माझ्याऐवजी पोराचा फोटो टाक, त्याचं लग्न जमायचंय. टाकला. ते प्रूफ तीनदा परत आलं, पोराचे केस जरा दाट करा म्हणून.

प्रूफ म्हणजे छापायच्या आधी जाहिरात कागदावर काढून गिऱ्हाइकाला दाखवायची. तो नाव बघतो, नंबर बघतो, फोटो बघतो, पटलं तर खाली सही करतो. साहेबांचा नियम, सही नाही तर छपाई नाही. माणूस कितीही लहान असो, पानवाला असो, त्याच्या दारात कागद घेऊन जायचं. मी एकूण एक सही गोळा केली.

आणि पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दिवशी एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी अंग काढून घेतलं, पाव पान रिकामं पडलं. साहेब म्हणाले, आता विकायला वेळ नाही, तुला टाकायचं ते टाक. माझ्या मनात लगेच मावशी आल्या. मोबाइलमध्ये माझ्या निकालाच्या दिवशी काढलेला फोटो होता, मावशी श्रीखंडाची वाटी घेऊन उभ्या, मागे ती तसबिरीची भिंत. वर लिहिलं, घरच्यासारखं जेवण, घरपोच डबे. खाली त्यांचं संपूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. कॉम्प्युटरवरच्या ऑपरेटरनं विचारलं, यावर सही? मी म्हटलं, अरे, घरचंच आहे. मावशींना विचारावं असं मला सुचलंच नाही.

पुस्तक घरोघर गेलं, मग मी पेढे घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी हात पुसले, पान उघडून बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, फोटो चांगला आलाय. मग म्हणाल्या, कुठं कुठं गेलं रे हे पुस्तक? मी छाती फुगवून म्हटलं, सगळीकडे, एक बिल्डिंग सोडली नाही. त्यांनी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि माझ्यासाठी चहा टाकला.

महिनाभरानं शंकरभाऊ रस्त्यात भेटले, रिक्षा थांबवून म्हणाले, लेका, तुझ्या पुस्तकानं आमचे चौदा डबे खाल्ले. मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. एका बिल्डिंगमधल्या आजी दोन वर्षं रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकायच्या, आज भेंडी फार छान होती, त्यांचा डबा पहिला बंद झाला. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय. कुणी म्हणालं, सूनबाई आता घरी असते. खरं कारण एकानंही तोंडानं काढलं नाही. मावशींकडे कामाला निर्मलाताई येतात, त्यांना आता एकाच वेळचं काम उरलं होतं.

मी तसाच गेलो. मावशी मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, मी एकेका घरी जातो आणि विचारतो. त्या म्हणाल्या, काय विचारशील? त्यांनी तेलाचं कारण दिलंय, तू काय तेल मोजत बसणार? मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, मेथी निवडायची थांबवली नाही. मग म्हणाल्या, मी लपवत नव्हते रे. जो दारात येतो त्याला भिंत दिसते. जे दारात येत नव्हते त्यांना मी दाखवायला गेले नाही, माझ्या हातचं खात होते, खाऊ दे म्हटलं. ते माझं मी ठरवलं होतं. तू सगळ्यांना कागद दाखवून सही घेतोस ना? मी म्हटलं, हो. मग माझी? मी म्हटलं, मावशी, तुमची जाहिरात फुकट होती. त्या म्हणाल्या, हां, फुकट होती, म्हणूनच विचारलं नाहीस.

काय सांगू तुम्हाला, शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

त्या आठवड्यात नांदगावला गेलो आणि आईला सांगून टाकलं, तीन वर्षं मी कुठं जेवत होतो ते. आई म्हणाली, मला लय आधीच ठाऊक हाय, तुझ्या बापाच्या पोटात काय राहतं? एवढंच बोलली आणि गवत टाकायला गेली. मला वाटलं होतं मोठं काही सांगतोय.

पुस्तक बघून नवीन डबे आले नाहीत असं नाही, पाच आले. त्यातल्या एका नर्सबाईंनी तर फोनवर सरळ सांगितलं, भिंत बघूनच फोन केला. पण पाच म्हणजे चौदा नव्हेत. आता पुढच्या वर्षीच्या पुस्तकाचं काम चालू झालंय. मी फोनवर विचारलं, मावशी, तुमची जाहिरात काढून टाकू ना? त्या म्हणाल्या, मला का विचारतोस, बाकीच्यांना पाठवतोस तसा कागद पाठव, मी बघेन. जेवायला मी त्यांच्याकडे गेलो नाही तेव्हापासून. त्या ये म्हणतात, पण मला त्या सतरंजीवर बसवत नाही.

मागच्या सोमवारी पत्र टाकलं. उत्तर अजून नाही. नक्कल माझ्याकडे आहे, वाचून दाखवतो.

मावशींना संतोषचा नमस्कार.

सोबत प्रूफ पाठवत आहे. सगळ्यांना जातं तसंच, ऑफिसच्या पाकिटातून. हातानं आणून दिलं असतं तर माझ्या तोंडावर तुम्हाला नको म्हणणं जड गेलं असतं, म्हणून पोस्टानं.

दोन कागद आहेत. एकावर तुमचा फोटो आहे आणि नाव आहे. दुसऱ्यावर फक्त मावशींचे डबे एवढंच आणि फोन नंबर. तिसरी गोष्ट म्हणजे काहीच न छापणं, त्याला कागद लागत नाही. फोटोतली मागची भिंत कापू का असं ऑपरेटर म्हणत होता. मी कापू दिली नाही. एवढं मी माझ्या मनानं केलं आहे, चुकलं असेल तर खोडा.

या वेळी जाहिरातीचा दर लावला आहे, सगळ्यांना आहे तोच.

आमच्या ऑफिसच्या मागं एक अभ्यासिका आहे. तिथल्या वीसेक मुलामुलींना दोन्ही वेळचे डबे हवे आहेत. मी तुमचं नाव अजून सांगितलेलं नाही. सांगू का? निर्मलाताईंनाही विचारा, त्यांनी दुसरीकडे काम धरलं नसेल तर.

खाली सहीची जागा सोडली आहे. सही आली तर छापीन. नाही आली तर ती जागा दुसऱ्याला विकीन, त्यात मला वाईट वाटणार नाही, म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघेन.

रविवारी जेवायला येऊ का, तेही लिहा.

तुमचा,
संतोष