बारवेच्या तोंडावरची शिळा

बसा मंडळी, बसा. मागच्यांनो, पुढे सरका — सतरंजी देवळाची आहे, कुणाच्या घरची नाही! अहो आजोबा, सुपारी कातरा, पण जरा हळू. तुमचा अडकित्ता वाजला की आमच्या गुंडोपंतांचा मृदंग चुकतो.

आज मी तुम्हांला एकच प्रश्न विचारणार आहे. जे काम सगळ्यांचं, ते काम कुणाचं?

घरातलं काम कुणाचं ते लगेच सांगाल — सुनेचं! हसा, सासवांनो, हसा. शेतातलं काम धन्याचं, दुकानातलं काम शेटजीचं. पण गावाचं काम? ते म्हणे सगळ्यांचं. आणि सगळ्यांचं म्हटलं की जो तो शेजाऱ्याकडे बघतो! मी दोन ओळी जोडल्यात, गुंडोपंत, ठेका धरा —

काम म्हणती सर्वांचे । त्यासी धनी कोण सांग ।
जो आधी घाली हात । त्याच्या पाठी पांडुरंग ॥

आता ऐका आख्यान. पुराणातलं नाही, बोरपेठेतलं!

बोरपेठ म्हणजे बाजाराचं गाव. दर मंगळवारी तिथं बैलबाजार भरायचा. पांढरी खिलारं, काळीबांडी देवणी, गळ्यात घुंगरमाळा, शिंगांना शेंबी... बैल यायचा म्हणून माणूस यायचा, माणूस यायचा म्हणून कासरे विकले जायचे, भजी तळली जायची, न्हाव्याचा वस्तरा चालायचा. सगळी पेठ बैलाच्या पाठीवर उभी! पुढे हमरस्ता गावाबाहेरून गेला आणि पेठेला ओहोटी लागली. दुकानांच्या फळ्या एकेक करून लागल्या, त्या पुन्हा निघाल्याच नाहीत.

तेव्हा गावातल्या पाच जणांनी एक मंडळ काढलं — पेठ विकास मंडळ. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा आपापल्या घरचा. मुख्य होते बसवणाप्पा शेटे, धान्याचे व्यापारी. चिटणीस झाले निंबोरे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, पण भाषणातून नाही! तिसरे हुसेनभाई आतार, बांगड्यांचं दुकान, जीभ बांगडीसारखी किणकिणती. आणखी दोघं होते, पण ते आपल्या आख्यानात फक्त चहापुरते येतात. प्रत्येक मंडळात असे दोघं असतात, तुमच्यातही असतील. वळून बघू नका, त्यांना लाज वाटेल!

माणसं भली होती हो, मनापासून सांगतो. दोष एकच. काम ठरलं की नारळ फुटायचा. वाचनालयाचा नारळ फुटला, बागेचा फुटला, एसटीच्या निवाऱ्याचा फुटला. वाचनालय नाही, बाग नाही, निवारा नाही... हुसेनभाई म्हणायचे, आपल्या गावात कामं होवोत न होवोत, खोबऱ्याची चटणी मात्र कमी पडत नाही.

अशात बसवणाप्पा गेले. जाण्याआधी अंथरुणावरून बायकोचा हात धरून एवढंच म्हणाले, "अनसूया, बाजार मोडू देऊ नको." मंडळानं त्यांच्या जागी अनसूयाबाईंना अध्यक्ष केलं. का? खरं सांगू? बाई गप्प बसतील, सह्या करतील, असं सगळ्यांना वाटलं!

मग अप्पांचं स्मारक करायचं ठरलं. बाजाराच्या मैदानात एक जुनी बारव आहे. खोल, दगडी, तळापर्यंत रुंद पायऱ्यांची एकच वाट. वर काठाला जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद, त्याला तिकडे हाळ म्हणतात. त्या वेळी बारवेत पाणी कुठलं? पन्नी, नारळाच्या करवंट्या आणि गाळ. अनसूयाबाईंनी जागा निवडली ती बारवेच्या तोंडाशी, बरोबर पायऱ्यांच्या वर. म्हणाल्या, बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं नाव दिसायला हवं. निंबोरे गुरुजींनी चौथरा बांधून घेतला, त्यावर काळ्या पाषाणाची उभी शिळा. आत लोखंडी सळया, वर सिमेंट. गुरुजी गवंड्याला म्हणाले, चंद्रसूर्य असेतो हलता कामा नये. आणि खरंच हलेना! मंडळानं पूर्ण केलेलं ते पहिलं काम. शिळेवर वर अप्पांचं नाव, खाली पाच जणांची — आणि चिटणिसांचं अक्षर अप्पांपेक्षा बोटभर मोठं!

पायऱ्यांची वाट आपण अडवली, हे कुणाच्या ध्यानात आलं? कुणाच्याच नाही. जिथं कुणी उतरतच नाही, तिथली वाट अडली काय नि मोकळी काय! एका अंगानं एखादा माणूस अंग चोरून उतरेल एवढी फट राहिली होती. तेवढी पुरे वाटली.

इथं कथा वळते. ऐका.

पौष महिन्यात बैलांच्या व्यापाऱ्यांचा म्होरक्या आला. लिंबाजी गायके त्याचं नाव. मिशा मोठ्या, बोलणं थोडं. तो अनसूयाबाईंच्या ओसरीवर बसला आणि म्हणाला की आमची जनावरं दिवसभर तहानलेली उभी राहतात, टँकर कधी येतो कधी नाही. शेजारच्या खडकपेठवाल्यांनी त्यांच्या बाजारात नळ दिलेत, सावली दिलीय. रथसप्तमीनंतरच्या पहिल्या मंगळवारी तुमच्या हाळात पाणी दिसलं तर आम्ही इथं. नाही दिसलं तर कायमचे तिकडं.

झालं! लिंबाजी गेला आणि अनसूयाबाईंच्या कानात नवऱ्याचं बोलणं घुमायला लागलं. बाजार मोडू देऊ नको... आता सांगा, त्या बाईला झोप आली असेल का?

मंडळाची बैठक बसली. बारव उपसायची, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे — एकमतानं ठरलं. एकमतानं! मंडळी, एकमत ही फार सुखाची चीज आहे. त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. गुरुजींनी विचारलं, नारळ किती आणू? तेव्हा अनसूयाबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. म्हणाल्या, या वेळी नारळ नको, फावडी आणा.

दवंडी दिली. आणि बोरपेठ लोटली हो! न्हावी आला, भजीवाला आला, कासरे वळणाऱ्या बाया आल्या. घमेली, टिकाव, दोरखंड... सगळे बारवेपाशी जमले आणि तिथंच थांबले.

का थांबले? तोंडावर शिळा!

एक जण अंग चोरून उतरला. दुसरा उतरला. पण गाळाचं घमेलं हातोहात वर यायचं तर माणसांची रांग हवी, आणि रांगेला वाट हवी. फटीतून घमेलं आडवं निघेना, उभं धरलं तर गाळ सांडे. मग काठावरून दोर सोडून बघितले. जुना काठ तो, दोराच्या घासानं एक चिरा सुटला आणि खाली धाडकन गेला. देवाची कृपा, खालचे दोघं बाजूला होते. पण बायांनी आपापली माणसं वर बोलावली. बरोबरच आहे! गवंडी म्हणाला, शिळा अख्खी निघायची नाही, सळया चौथऱ्यात पुरल्यात. शहरातून यंत्र आणावं लागेल, त्याला महिना लागेल. आणि मंगळवार आला होता तोंडावर.

लोक एकेक करून घमेली उचलायला लागले. कामाला नव्हे, घरी जायला! निंबोरे गुरुजी घाम पुसत म्हणाले की आपण यावर तातडीची बैठक घेऊ. काय मंडळी, ओळखीचं वाटतं का?

अनसूयाबाई त्या शिळेपुढे उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवलं. त्या रोज सकाळी यायच्या तिथं, पदरानं धूळ पुसायच्या, फूल ठेवायच्या. गावानं अप्पांसाठी केलेलं तेवढंच होतं. त्या दगडाखेरीज त्यांच्या माणसाचं नाव जगात कुठं कोरलेलं नव्हतं! आणि तो दगड तिथंच ठेवा म्हणून सांगणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी शिळेला कपाळ टेकलं. मग वळून गवंड्याकडे घण मागितला.

हुसेनभाई पुढे आले. नेहमी थट्टा करणारा माणूस, पण या वेळी थट्टा नव्हती. "वहिनी, नाव आहे त्याच्यावर."

अनसूयाबाई म्हणाल्या, "हुसेनभाई, नाव त्यांचं आहे, पण वाट बाजाराची आहे. ते असते तर त्यांनी कुणाला विचारलं नसतं. मी त्यांची बायको आहे, मला ठाऊक आहे."

आणि उचलला घण! आता कीर्तनकारानं काय सांगावं, की एका घावात शिळा दुभंगली, वरून फुलं पडली? नाही हो. म्हातारं शरीर ते. घण कमरेपर्यंत उचलला, दगडावर टेकला म्हणा ना! कोपऱ्याचा एक टवका उडाला, नखाएवढा. बाईंनी श्वास घेतला आणि पुन्हा उचलायला वाकल्या.

त्यांना दुसऱ्यांदा उचलावा लागला नाही. हुसेनभाईंनी घण हातातून घेतला. बांगड्या भरणारे हात ते, जपून वागणारे, पण असा घाव घातला की शिळेतून चीर गेली. मग गुरुजी आले. चष्मा खिशात घातला आणि नेमका कुठं घातला घाव? आपल्या मोठ्या अक्षरांवर! मला हसूही येतं आणि डोळेही भरतात. त्यांच्यामागे ते चहापुरते दोघंसुद्धा आले बरं का. आणि घराकडे निघालेले लोक? तेही फिरले. घमेली परत खाली आली.

आता उत्तर मिळालं का? सगळ्यांचं काम कुणाचं? जो आपलं काहीतरी आधी मोडायला तयार होतो, त्याचं. तो एक उठला की मग ते खरोखर सगळ्यांचं होतं!

वाट मोकळी झाली, रांग लागली. तळापासून काठापर्यंत हात. न्हाव्याच्या हातून भजीवाल्याकडे, भजीवाल्याकडून गुरुजींकडे — आणि गुरुजी त्या दिवसांत एक भाषण करतील तर शपथ! गाळ निघत गेला, करवंट्या निघत गेल्या. हुसेनभाई प्रत्येक करवंटी वर करून विचारायचे, गुरुजी, ही वाचनालयाची की बागेची? आणि एके दुपारी तळातल्या कपारीतून ओल सुटली. आधी ओल, मग पाझर, मग गुडघाभर पाणी. गढूळ, पण पाणी!

हाळ मात्र तळातून फुटलेला होता. गवंडी विचारत आला, शिळेचे तुकडे कुठं टाकू? अनसूयाबाई म्हणाल्या, हाळाच्या तळाला बसवा. अक्षरं खाली करून बसवा, जनावरांच्या तोंडाला खरखर लागायला नको.

मंगळवार आला. लिंबाजी गायके आपली तांबडी जोडी घेऊन सगळ्यांच्या पुढे. हाळात निवळलेलं पाणी, बादल्यांनी हातोहात वर आणलेलं. बैलांनी आधी वास घेतला, मग मान घातली आणि प्यायला लागले. पिताना त्यांच्या नरड्याखालची पोळी कशी हलते, पाहिलंय ना तुम्ही? लिंबाजी बघत उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "इथं अप्पांचा दगड होता, तो कुठं गेला?"

अनसूयाबाई म्हणाल्या, "तुमची जोडी पितेय तिथंच आहे."

लिंबाजीनं पायातल्या वहाणा काढल्या आणि हाळाला हात लावून नमस्कार केला. बाजार भरला, मंडळी. अजून भरतो. शिळा उभी असताना अप्पांचं नाव कुणी थांबून वाचत नव्हतं. आता ते कुणाला दिसत नाही, पण बैलाला पाणी पाजणारा प्रत्येक माणूस ते घेतो.

झालं आख्यान. आता आरतीचं ताट आणताय ना? थांबा जरा.

तुमच्या गावची शाळेमागची विहीर बुजलीय, पोरं घरून पाणी नेतात, हे मला येताना रिक्षावाल्यानं सांगितलं. उत्सव समितीला विचारलं तर म्हणाले, बघू, सगळ्यांनी मिळून करायचंय. सगळ्यांनी मिळून! आणि दुसरी गोष्ट. या देवळाच्या दारात तुम्ही केवढा फलक लावलाय! समितीचे सगळे हात जोडून उभे, रंगीत, हसतमुख. चेहरे चांगले आहेत, मी नावं ठेवत नाही. पण तो इतका खाली बांधलाय की आत येताना मी वाकलो. आयाबाया वाकल्या, हे आजोबा तर काठी टेकत वाकले. मला वाटलं, किती भाविक गाव! आत आल्यावर कळलं, आपण देवापुढे वाकलोच नाही, फलकापुढे वाकलो.

विहिरीचं उद्या उजाडल्यावर बघू. मी मुक्कामाला आहे, फावडं मलाही धरता येतं. पण आरती होणार ती दार मोकळं झाल्यावर. गुंडोपंत, मृदंग खाली ठेवा. समितीच्या मंडळींनो, सुतळी सोडायला कोण उठतंय?

मी उभा आहे. देवही उभाच आहे. उठा!