आपसी बदली

रामनाथ : पेन ठेवा खाली, जितूभाऊ. सही करन्याआधी एक सांगायचंय.

जितेंद्र : आता काय राहिलं सांगायचं? माझी सही झाली, तुमची झाली की उद्याच अर्ज पुढे जातो. तुम्ही दोंडाईचाहून विरार स्टेशनच्या तिकीट खिडकीवर, मी विरारहून दोंडाईचाच्या. आपापल्या गावी. चहा घ्या आधी. दूध पावडरचं आहे, सांभाळून घ्या.

रामनाथ : घर इकलं आमी.

जितेंद्र : कुठलं घर?

रामनाथ : आमचं. आयचं. भावानं, दीपेशनं, बिल्डर आनला. बहिनीला, रीमाला इचारलं, ती हो बोलली. आयच्या तेराव्याला सगळे जमले व्हते, तवाच ठरलं. मीपन सही केली. खोटं कशाला बोलू?

जितेंद्र : आणि हे मला आज सांगताय.

रामनाथ : फोनवर कसं सांगनार? तुमच्या घरातनंच फोन लावतो मी इथं तुमच्या मालकाकडं. विनितावहिनी बाजूला उभी असते, पोरगी रिसीव्हर ओढत असते. तिच्यासमोर हे तोंडातनं निंघंना.

जितेंद्र : बरं, पैसे तर आले असतील. इथंच एखादा ब्लॉक घ्या.

रामनाथ : तीन भावंडांत वाटले. माझ्या वाटनीला निम्मा ब्लॉकपन येत नाय. बिल्डर बोलतो, इमारत झाली का एक खोली तुमची. कवा होईल ते त्यालाच ठाव. तवर भाडं. काल तुळिंजला एजंटाकडं गेलो. त्यानं डिपॉझिट सांगितलं, वर आपली दलाली सांगितली, आनि मग इचारतो, काका, नवीन आलाय काय इकडं? गाव कुठलं तुमचं?

जितेंद्र : मग, काय सांगितलंत?

रामनाथ : दोंडाईचा बोललो.

जितेंद्र : हसू का रडू, भाऊ?

रामनाथ : मला तरी कुठं कळलं. तोंडातनं तेच आलं.

जितेंद्र : म्हणजे तुम्ही येत नाही, असंच ना?

रामनाथ : इचार करतोय. तिकडं क्वार्टर हाय, अंगनात लिंब हाय. मिरचीचा बाजार भरतो त्या दिवसांत ठसक्यानं जीव नकोसा होतो, पन ते काय बारा महिने नाय. पगार हातात उरतो. इथं घर व्हतं म्हनून ही नोकरी परवडनार व्हती. इहिरीचं पानी, शेतातला तांदूळ, खाडीची मासळी, कोनाच्या बापाला काय द्यायचं नव्हतं. आता यायचं आनि पगार उचलून घरमालकाला द्यायचा, तर मंग तुमच्यात नि माझ्यात फरक काय?

जितेंद्र : फरक नाहीच. पण मी विनिताला सांगून बसलोय. संपदानं वर्गात जाहीर करून टाकलं, माझे पप्पा आता रोज घरी असणार म्हणून.

रामनाथ : ठाव हाय. मला पयलं सांगितलं तिनं.

जितेंद्र : मग?

रामनाथ : मंग काय? आपलं ठरून दोन वर्सं झाली. तवाच का नाय सही केलीत? मी अर्ज घेऊन आलो, तुमी बोललात दिवाळी होऊ द्या. मंग बोललात, पाचव्या वेतन आयोगाचा पगार लागू दे. मंग ती नालासोपाऱ्याची स्कीम निंघाली. ब्लॉक बुक करतो, बायकापोरीला इकडंच आनतो, बोललात.

जितेंद्र : मुंबईचा भत्ता सुटत नव्हता हो. तिकडे गेलो की तो बंद. म्हटलं, थोडी कळ सोसू, डोक्यावर छप्पर झालं की सगळं मार्गी लागेल. पण भत्ता वाढायच्या आत भाडं वाढायचं. अकरा महिने झाले की मालक नवीन करार घेऊन दारात. पूर्वी एकदा आणलं होतं दोघींना इथं, तर शाळेची फी ऐकली, टँकरचं पाणी पाहिलं, आणि विनिताच म्हणाली, आम्ही जातो गावी, तुम्ही या मागून. ते मागून काही संपेना.

रामनाथ : तुमी तोलत बसलात नि माझी आय गेली. राग नाय माझा. पन खरं ते खरं.

जितेंद्र : राग असू द्या. असायलाच हवा.

रामनाथ : शेवटच्या रविवारी तुमी गेला व्हता ना तिच्याकडं? कशी व्हती?

जितेंद्र : बरी होती. निदान मला तरी तसंच वाटलं. तुमचा निरोप सांगायचा हे माझं निमित्त, रामनाथभाऊ. खरं म्हणजे मला इथं जायला दुसरं घरच नव्हतं. खिडकीवर दिवसभर रीघ असते, पण त्या भोकातून नुसते हात दिसतात. पास द्या, रिटर्न द्या, सुटे नाहीत. या अख्ख्या विरार-वसईत मला नावानं हाक मारणारी एक तुमची आई. जित्या म्हणायची.

रामनाथ : दीपेशला पन दीप्या बोलायची. जेवायला काय करायची?

जितेंद्र : मासे. आम्ही खानदेशातली माणसं, आम्हाला कुठली सवय. पहिल्याच दिवशी घशात काटा अडकला. तेव्हापासून ती शेजारी बसून काटे काढून द्यायची. त्या रविवारीसुद्धा दिले. म्हणाली, आमच्या रामनाथला अजून धड काढता येत नायत, तिकडं त्याला कोन देत असंल.

रामनाथ : तिकडं मासेच कुठं मिळतात धड.

जितेंद्र : मी सांगितलं तिला तसं. म्हणाली, मंग खातो काय तो?

(रामनाथ कपातला गार चहा संपवतो.)

जितेंद्र : आता रविवार आला की सवयीनं पाय तिकडेच वळतात. खारजमिनीच्या बांधापर्यंत जातो, लांबून घराचं कुलूप बघतो आणि परत येतो. दिवस जाता जात नाही. विनिताला फोन करावा तर आवाज ऐकूनच विचारते, रडताय का?

रामनाथ : रडता काय?

जितेंद्र : कधी कधी.

(रामनाथ अर्ज स्वतःकडे ओढतो.)

रामनाथ : कुठं करायची सही?

जितेंद्र : नको, भाऊ. माझी कीव येऊन करू नका. यात सगळं नुकसान तुमचं आहे. दोंडाईचाला परत जा, महिनाभर विचार करा.

रामनाथ : अजून महिनाभर तोलू? ऐका. तुमच्या घरी वहिनी संध्याकाळी चार ताटं मांडते. तुमचे वडील, पोरगी, ती स्वतः, आनि एक सवयीनं. मंग त्या चौथ्याकडं बघत उभी राहते. तुमचे वडील संपदाला बोलतात, जा, क्वार्टरवरनं काकाला बोलाव. मी येतो. कळन्याची भाकर, ठेचा, कदी शेवभाजी. इतकी वर्सं जेवलो त्या ताटावर, गोड लागलं. आयचं तेरावं करून परत गेलो, बसलो, तर घास उतरंना. आय व्हती तवर वाटायचं, माझं ताट इकडं तुमी राखताय, तुमचं तिकडं मी राखतोय. फिटंफाट. आता माझं ताट उचललं गेलं. तुमच्या ताटावर बसून मी आनि किती दिवस जेवनार?

जितेंद्र : त्यांना तुम्ही परके नाही हो.

रामनाथ : नाय ना. म्हनून तर. इथं करायची ना? ही रेघ?

जितेंद्र : हो. त्या रेघेवर. पण राहणार कुठं तुम्ही?

रामनाथ : ही खोली तुमी सोडनारच. मालकाला सांगा, भाडेकरू मिळाला. एकटा मानूस हाय, कटकट नाय.

जितेंद्र : ही खोली? मनवेलपाड्यात? सायकलच्या अंतरावर तुमचं घर...

रामनाथ : व्हतं. घ्या, झाली सही. पोरीला फोन करा खाली जाऊन. आज मी नाय तिथं, तिला वाटंल काका का नाय आला जेवायला.

जितेंद्र : जातो. पण हे फेडू कसं, भाऊ?

रामनाथ : काय फेडू नका. एवढं सांगा, पानी कवा येतं इथं?